जांभळ्या शिरांचा वेल

गिरीश समेळच्या वेलाची पानं जांभळी पडायला लागली, ते वृषालीने पहिल्यांदा पाहिलं मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी. घट मांडायला पाच झाडांच्या डहाळ्या हव्या होत्या म्हणून ती सकाळीच परसात गेली होती. आंब्याची घेतली, पेरूची घेतली, तिसरीसाठी हात वर केला आणि नजर वालाच्या मांडवावर गेली. मांडवाखाली दोन आळी, दोन वेल. उजवीकडचा तिचा, हिरवागार. डावीकडचा नवऱ्याचा, आणि त्याच्या वरच्या पानाच्या शिरा अशा जांभळ्या, की कुणीतरी बारीक कुंचल्याने एकेक शीर रंगवून काढावी.

तिने कुंपणापलीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग ते पान खुडलं, मुठीत चुरगळलं आणि घरात येऊन चहाच्या चोथ्याखाली दाबलं. पूजा झाली, कहाणी वाचून झाली, पण देवीकडे काय मागायचं ते सुचेना. इतकी वर्षं ती सवयीने "सगळं नीट असू दे" म्हणत आली होती. त्या दिवशी तिला कळलं, की सगळं म्हणजे गिरीशचे दोन हात.

गिरीश आखणी करायचा. पेणमध्ये आखणी म्हणजे गणपतीचे डोळे. मूर्ती साच्यातून कुणीही काढावी, अंगाचा रंग तर आता यंत्रच फवारतं. पण डोळे उघडायचे ते आखणीवाल्याने. एक रेघ पापणीची, एक बुबुळाभोवती, शेवटी पांढरा ठिपका, की इतका वेळ नुसती उभी असलेली माती तुमच्याकडे बघायला लागते. छत्तीस वर्षं तो हेच करत होता. निलेशशेठच्या कारखान्यात लहान मूर्तींची आखणी करायला यंत्रहात आला होता, तासाला चाळीस मूर्ती. पण माघी गणपतीची नऊ फुटी मूर्ती अजून गिरीशकडेच होती. त्या दिवशी कारखान्यातली माणसं आपापलं काम ठेवून परांचीखाली येऊन उभी राहायची. त्या एका दिवसावर गिरीश वर्षभर जगायचा, आणि उरलेले दिवस बायकोला तेच ऐकवायचा.

आता हा वेलाचा काय प्रकार, ते सांगायला हवं.

कंपवाताने हात थरथरायला लागतो, पण तो आजार अंगात शिरलेला असतो त्याच्या कितीतरी वर्षं आधी. तेव्हा बाहेरून काही दिसत नाही. बदलतो तो फक्त वास. कपाळावर, मानेवर, पाठीवर जो तेलकटपणा असतो त्यातली रसायनं थोडी वेगळी होतात. लाखात एखाद्या नाकाला ते कळतं, बाकीच्यांना नाही. झाडांचं मात्र अर्धं आयुष्य वासावर चालतं. शेजारच्या वेलावर मावा पडला, की त्या वेलाच्या पानांतून सुटलेला वास या वेलाला पोचतो, आणि मावा इकडे यायच्या आत हा आपल्या पानांत उग्र रस भरून तयार राहतो. नाक नाही, मेंदू नाही, तरी शेजारच्या घरात काय चाललंय ते बरोबर ठाऊक. वृषालीच्या मते अशा दोन बायका त्यांच्या आळीतही होत्या.

शास्त्रज्ञांनी केलं ते इतकंच, की वालाच्या पानातलं वास ओळखणारं एक कुलूप बदललं. नवं कुलूप असं, की त्यात कंपवाताच्या वासाचीच किल्ली बसावी. किल्ली बसली, की पानात रंग तयार व्हायला लागतो. जांभळाच्या सालीत असतो तोच रंग, शिराशिरांतून उतरत जातो. वालच का, तर तो कुठल्याही कुंपणावर येतो, खतपाणी फार मागत नाही, आणि रायगडात तो लावायला कुणाला शिकवावं लागत नाही. पहाटे उठल्याउठल्या, तोंड धुवायच्या आधी, कपाळावरून आणि मानेवरून हात फिरवायचा आणि आपल्या वेलाचं वरून तिसरं पान चिमटीत धरून वीसपर्यंत मोजायचं. माणशी एक वेल. दर रविवारी त्या पानाचा फोटो आरोग्य केंद्राला पाठवायचा. पान जांभळं झालं तर पुढच्या तपासण्या, आणि मग औषध. हे औषध लवकर सुरू झालं तर आजाराला दहा-बारा वर्षं दाराबाहेर उभं ठेवतं. उशीर झाला तर नाही.

पहारेकरी वाल, असं त्या वेलाचं आणि योजनेचंही नाव होतं. पहाऱ्याला सगळेच कंटाळले, तो भाग वेगळा. मुलगी बघायला आलेली मंडळी आता कांदेपोहे हातात घेऊन "परसबाग कुठेशी आहे हो?" विचारायची. एका बाईने मांडवाला जुनी साडी गुंडाळली आणि उन्हासाठी आहे म्हणून सांगितलं. तेव्हा वृषाली हसली होती.

आता ती स्वतः रोज उजाडताना गिरीशच्या आधी परसात जायला लागली. जांभळं दिसेल ते पान खुडायची आणि खाली एखादं कोवळं, हिरवं राहील असं बघायची. गिरीश डोळे चोळत यायचा, ते हिरवं पान चिमटीत धरून वीसपर्यंत मोजायचा आणि म्हणायचा, "झालो पास." पौष लागला तशी थंडी वाढली, आणि वेलाने धीर सोडल्यासारखं केलं. एक पान नाही, दोन नाही, सगळ्याच पानांच्या शिरा जांभळ्या, देठही जांभळे. वृषालीला वाटलं, आजार फारच पुढे गेला असणार. वेल खालून बोडका होत गेला. "अळ्या पडल्यात," तिने सांगितलं. रविवारी ती आपल्याच वेलाचे दोन फोटो काढायची, एक उजवीकडून, एक डावीकडून, आणि दोन नावांनी पाठवून द्यायची.

हे चूक आहे, हे तिला कळत नव्हतं असं नाही. उशीर करणं म्हणजे काय, ते योजनेच्या पत्रकात ठळक छापलेलं होतं. पण माघी तोंडावर आली होती. आत्ता सांगितलं तर तो ती रेघ मारू शकणार नाही. हात ठीक असला तरी नाही. एवढी एक मूर्ती होऊ दे, मग मीच घेऊन जाईन त्यांना, असं ती रोज सकाळी चहाच्या चोथ्याला सांगायची. कोईमतूरला असलेल्या लेकीलाही तिने कळू दिलं नाही.

एकदा भीतीने घर धरलं, की ती रिकामी बसत नाही. गिरीशने कप उचलला आणि बशी वाजली, की वृषाली हातातलं काम टाकून बघायची. इतक्या वर्षांच्या संसारात बशी कधी वाजलीच नसेल असं थोडंच होतं. तिने कप बदलून पेला आणला. त्याच्या सदऱ्याची बटणं लावायला लागली. रात्री हळद घातलेलं दूध. बिरड्याचे वाल सोलायचं काम तर लग्नापासून त्याच्याकडे; मोड आलेला वाल दोन बोटांत धरून असा दाबायचा, की साल इकडे आणि डाळिंबी अख्खी तिकडे. त्याचा त्याला मूर्तीइतकाच अभिमान. तेही तिने काढून घेतलं. गिरीशला आधी गंमत वाटली. साठीला आल्यावर बायको प्रेमात पडली म्हणाला. मग त्याला गंमत वाटेनाशी झाली.

आणि मग वृषालीने ते केलं, जे तिला पुढे बरेच दिवस आठवत राहिलं. स्वप्नात तिने पाहिलं, की गिरीश परांचीवर उभा आहे, खाली सगळा कारखाना बघतोय, आणि कुंचला पापणीवरून घसरून गालापर्यंत आला आहे. सकाळी ती निलेशशेठकडे गेली. यांचा खांदा हल्ली फार दुखतो, पण ते सांगायचे नाहीत, यंदा मोठी मूर्ती दुसऱ्या कुणाला तरी द्या, आणि मी आले होते हे बोलू नका, असं सांगून आली. निलेशशेठ भला माणूस. त्याने लगेच मान डोलावली.

त्या संध्याकाळी गिरीश घरी आला तो थेट मोरीत जाऊन कुंचले धुवायला बसला. एकेक करून सगळे धुतले, पुसले, कापडात गुंडाळले आणि ट्रंकेत ठेवून दिले. रोज ते खिडकीत सुकायचे.

"यंदा मोठी मूर्ती यंत्राला दिली," तो म्हणाला. "निलेशशेठ म्हणाला, आराम करा."

वृषाली कणीक मळत होती. ती मळतच राहिली. त्या दिवशी पोळ्या इतक्या मऊ झाल्या, की गिरीशने दोन जास्त खाल्ल्या असत्या, जेवला असता तर.

दोन रविवार असे गेले. तिसऱ्या रविवारी गिरीशच सकाळी म्हणाला, की यंदा आपण पोपटी लावली नाही, मडक्यात शेंगा भाजल्या नाहीत. पौष संपत आला, शेंगा भरल्या असतील. मूर्ती गेली तर गेली, पोपटी कशाला घालवायची?

वृषालीने नको म्हणायची चार कारणं दिली. मडकं नाही, तर त्याने माळ्यावरून मडकं काढलं. पाला नाही, तर स्वतः जाऊन शेताच्या बांधावरून भांबुर्ड्याचा पाला आणला. शेंगा बाजारातून आणू म्हणाली, तर म्हणाला, घरचे दोन वेल असताना? अळ्या पडल्यात ना, म्हणाली, तर म्हणाला, अळ्या पानाला पडतात, शेंगा खाऊ. ऊन कलल्यावर पेंढा रचून झाला. मीठ-ओवा काढायला म्हणून वृषाली घरात गेली आणि बाहेर आली तेव्हा गिरीश टोपली घेऊन डाव्या आळ्यापाशी, बोडक्या वेलाखाली उभा होता.

त्याच्या हातात एक शेंग होती. चपटी, फुगीर, आणि तिच्या दोन्ही कडा गर्द जांभळ्या.

वृषालीच्या हातातला ओवा सांडला. आता सांगावंच लागणार, ते तिला कळलं. शब्द तिने महिनाभर जुळवून ठेवले होते.

गिरीश मात्र शेंगेकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं होतं.

"ही आईची शेंग," तो म्हणाला.

"कुणाची?"

"आईची. गावच्या कुंपणावरची. हिची कड अशीच. थंडी पडली की पानंसुद्धा जांभळी व्हायची, देठ पण. लहानपणी आम्ही पानं चुरगळून ओठ रंगवायचो." आणि मग एकदम त्याने जीभ चावली. लोणच्याच्या बरणीत हात घालताना सापडलेल्या पोरासारखा तो तिच्याकडे बघायला लागला.

सासूबाईंच्या वालांचीही एक हकीकत होती. वृषाली पोयनाडची. लग्नानंतर तिने माहेरच्या वालाचं पहिलं बिरडं केलं, सासूबाईंनी एक घास घेतला, थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. जरा गोडच." ते 'जरा गोडच' वृषाली तेहतीस वर्षं विसरली नव्हती. नवऱ्याला नावाने हाक मारलेलीही सासूबाईंना खपली नव्हती, म्हणून अहो-जाहो सुरू झालं. सासूबाई गेल्या, अहो राहिलं. गावचं घर विकलं तेव्हा राखेत घातलेल्या त्यांच्या वालांचा पितळी डबा गिरीशच्या वाट्याला आला. वृषाली तो डबा दर दिवाळीला घासायची आणि परत फडताळात ठेवायची. उघडला कधी नाही. आपल्या परसात सासूबाईंचा वेल लावायचा नाही, हे तिने ठरवलेलं होतं आणि गिरीशला ते न सांगता माहीत होतं. गावी ती जायची ती मे महिन्यात, मांडव सुकून काटक्या झालेल्या असताना. सासूबाईंचा हिरवा वेल तिने कधी पाहिलाच नव्हता, जांभळा तर राहोच.

"डबा कुणी उघडला?" तिने विचारलं.

गिरीशने टोपली खाली ठेवली आणि सांगितलं. कोजागिरीनंतर, योजनेची पाकिटं आली तेव्हा, वृषाली दोन वाट्यांत पाच-पाच बिया भिजत घालून बहिणीकडे पोयनाडला गेली होती. शेजारीच बिरड्याचे मोड आलेले वाल. तो सोलायला बसला, मॅच लावली. पातेलं संपलं तेव्हा हाताशी एक वाटी दिसली. पाच वाल, बिनमोडाचे. मोड न आलेले वाल वृषाली नेहमीच बाजूला काढते. त्याला वाटलं, तेच हे. सोलले. मॅच संपल्यावर वाटीखालची चिठ्ठी दिसली, 'गिरीश'. मग त्याने आईच्या डब्यातले पाच वाल काढले, कोमट पाण्यात टाकून फुगवले आणि वाटीत ठेवून दिले. वाल सगळे सारखेच दिसतात.

त्या रविवारी न सांगता त्याने सगळी भांडी घासली होती, ते वृषालीला आता आठवलं. तेव्हा तिला बरं वाटलं होतं.

ती धुण्याच्या दगडावर बसली.

"म्हणजे तुझे वाल..."

"खाल्ले आपण. बिरड्यात."

"गिरीश, तू मला सांगितलं का नाहीस?"

अहो कुठे गेलं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"तू ओरडली असतीस. आधी वाल खाल्ले म्हणून, मग आईचे लावले म्हणून." मग तिचे डोळे वाहायला लागलेले त्याने पाहिले. "अगं, पण पाच वालांसाठी एवढं रडायचं?"

मग तिने सांगितलं. मार्गशीर्षातला गुरुवार, चहाचा चोथा, दोन नावांचा एकच फोटो. सांगताना ती मध्येच हसत होती, आणि हसता हसता नाक पुसत होती. गिरीश ऐकत गेला. पेला, बटणं, हळदीचं दूध. एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसत असलेली तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. शेवटी तो फार हळू बोलला.

"आणि निलेशशेठ?"

तिने मान खाली घातली. पेंढ्यातून धूर यायला लागला होता. मडकं कधी ठेवलं गेलं, पेटवलं कुणी, हे नंतर दोघांनाही सांगता आलं नसतं. गिरीश उठून विस्तवाशी गेला. बराच वेळ पाठमोरा बसून पेंढा सारत राहिला. मडक्यावर पाण्याचा थेंब टाकला की चर्र वाजलं पाहिजे, मग पोपटी झाली. थेंब केव्हाचा वाजत होता. त्याने मडकं काढलं नाही.

"मला वाटलं, त्यांना माझी रेघ आवडेनाशी झाली," तो म्हणाला.

वृषाली जाऊन त्याच्या शेजारी बसली. त्या वर्षी पोपटी करपली. दोघांनी ती सगळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्याबरोबर कारखान्यात गेली आणि गिरीशच्या समोर, दोन कारागिरांच्या देखत निलेशशेठला सगळं सांगितलं. खांदा नाही, दुखणं नाही. मी वेल बघून घाबरले, आणि वेल सासूबाईंचा निघाला. निलेशशेठने तोंडावर रुमाल धरला, पण खांदे हलत होते.

"वहिनी," तो शेवटी म्हणाला, "यंत्रातनं मूर्तीचं माप काढून टाकायला मला दोन मिनिटं लागतात. तुम्ही दीड महिना घेतलात." आणि गिरीशला म्हणाला, "शनिवारी सकाळी परांची तयार ठेवतो."

इतकं सोपं होतं ते. रस्त्यात वृषालीला एवढं हलकं वाटलं, की तिने कारण नसताना पाव किलो पेढे घेतले. ते घेताना, पुडा बांधून होत असताना, तिच्या मनात आलं: वेलाने आजार आहे असं सांगितलं नाही. पण नाही असं तरी कुठे सांगितलंय? वेलाने काहीच सांगितलेलं नाही. ती फक्त सासूबाईंचं ऐकत होती.

योजनेचं काम बघणारी डॉक्टर, अन्वी ठाकूर, वृषालीने फोनवर सगळं सांगितल्यावर संध्याकाळी घरी आली. तिशीतली, वडखळची मुलगी, पायात रबरी बूट. तिने सासूबाईंच्या वेलाचं उरलंसुरलं पान उन्हाला धरून पाहिलं.

"काकू, पहारेकरी वालाचं फक्त हात लावलेलं पान जांभळं होतं. तुमचा तर अख्खा वेल जांभळा होता, देठासकट. तेव्हा नाही का शंका आली?"

"मला वाटलं, जास्त असेल."

अन्वी हसली नाही, याबद्दल वृषालीला ती आयुष्यभर आवडणार होती. एकाच वेलाचे दोन फोटो येतात हे तिच्या केव्हाच लक्षात आलं होतं. नुसत्या पेणमधून अशी बावीस घरं. कुणी नवऱ्याचं लपवतं, कुणी सासूचं, एक आजोबा तर स्वतःचंच स्वतःपासून. त्यामुळे पुढच्या हंगामापासून फोटो बंद, घरोघर माणूसच जाणार, म्हणाली. मी रागावले नाही कधी, असंही तिने सांगितलं, वेल लावायला सांगताना घाबरलेल्या माणसाचं काय करायचं ते आम्ही पत्रकात लिहिलंच नव्हतं. मग तिने पिशवीतून नवं पाकीट काढलं आणि गिरीशकडे बघून नीट सांगितलं, की काका, या घोळाचा अर्थ तुम्ही बरे आहात असा नाही आणि नाही असाही नाही. लावायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

गिरीशने पाकीट उलटंपालटं केलं. "लावू," तो म्हणाला. "पण भिजत नको घालूस."

बिया लावल्या, आळ्याशी पाटी रोवली. नाव लिहायच्या ऐवजी गिरीशने ट्रंकेतून कुंचला काढून पाटीवर एक डोळा काढला, चांगला कमळाच्या पाकळीसारखा. आता हात लावून दाखव म्हणावं कुणी, म्हणाला.

शनिवारी वृषालीही परांचीवर चढली. दिवा धरायला कुणीतरी हवं होतं आणि तिने कधी जवळून पाहिलंच नव्हतं. खाली कारखाना शांत झाला. मूर्तीचा चेहरा एवढा मोठा, आणि अजून आंधळा. गिरीशने कुंचला रंगात बुडवला, काठावर निथळवला, पापणीशी नेला. आणि वृषालीने पाहिलं, की कुंचल्याचं टोक हलत होतं. अगदी बारीक, पण हलत होतं.

"हलतोय," ती पुटपुटली.

"हलतोच," गिरीश तितक्याच हळू म्हणाला. "विशीत होतो तेव्हाही हलायचा. सगळ्यांचाच हलतो. श्वास पुरता सोडला की मध्ये एक क्षण थांबतो. तेवढ्यात मारून घ्यायची."

त्याने श्वास सोडला. टोक थांबलं. रेघ नाकाच्या बाजूने निघाली, वर चढली, वळली आणि कानाच्या दिशेला निमुळती होत संपली. मग त्याने पुन्हा श्वास घेतला आणि टोक पुन्हा हलायला लागलं. वृषालीने तो श्वास मोजायला सुरुवात केली. दुसऱ्या डोळ्यापर्यंत तीही त्याच्याबरोबर सोडत होती. आपण ज्याची वाट बघत भीत होतो ते पहिल्यापासून तिथे होतंच, आणि हा माणूस रोज त्याच्यामधून वाट काढत होता, हे तिला दिवा धरून धरून खांदा भरून आल्यावर कळलं. पांढरा ठिपका पडला तेव्हा खाली कुणीतरी मोरया म्हणालं.

माघ अर्धा सरला तसा नवा वेल मांडवाला लागला. उन्हं तापायला लागली होती. गिरीश रोज सकाळी कपाळावरून हात फिरवून तिसरं पान धरायचा आणि वृषाली त्याच्या शेजारी उभी राहायची. आधी जात नव्हती, लपून बघत नव्हती. वीस दिवस हात लागल्यावर निकाल धरायचा, असं अन्वीने सांगितलं होतं. विसाव्या दिवशी पान हिरवं होतं. एकविसाव्या दिवशीही तिने शिरा उन्हात धरून पाहिल्या. हिरवंच. पंचविसाव्या दिवशी गिरीश म्हणाला, आता त्या पानाला तरी जगू दे. अन्वी येऊन पान बघून गेली, आणि जाताना म्हणाली, पुढच्या वर्षी परत लावायचंय, पण पुढच्या वर्षी. वृषालीने ताज्या पेढ्यांचा पुडा तिच्या पिशवीत कोंबला. दार लावून घेतल्यावर ती दाराला टेकून थोडा वेळ नुसती उभी राहिली. आतून गिरीशने काय झालं विचारलं, तर म्हणाली, काही नाही, काही नाही झालं.

धुळवडीच्या सकाळी ती होळीची राख घेऊन आली. चाळली, गार केली आणि पितळी डब्यात भरली. आईच्या वेलाच्या शेंगा एव्हाना वाळून खुळखुळत होत्या. त्यातले चांगले टपोरे वाल निवडून राखेत खुपसले आणि उरलेले भिजत घातले. या वेळी एकाच पातेल्यात. दोन दिवसांनी गिरीशने ते सोलले, मॅच न लावता. एकही डाळिंबी मोडली नाही.

बिरडं तिने नेहमीच्याच हाताने केलं, आमसूल, गूळ, ओलं खोबरं. ताटं वाढली. गिरीश घास न घेता तिच्या तोंडाकडे बघत बसला.

वृषालीने एक घास घेतला. थोडी थांबली.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "जरा कडूच." आणि पळी घेऊन आपल्या वाटीत आणखी वाढून घेतलं.